तारखेसह विचार : व्यवसायचिंतनाचे लेखन आणि समाजमाध्यमे

आत्मचरित्र, रोजनिशी, पत्रे, प्रवासवर्णन या आत्मपर गद्यप्रकारांची मराठी समीक्षेने वेळोवेळी दखल घेतली आहे. परंतु शिक्षक, वैद्य, अभियंता, संशोधक यांनी आपल्या कामाविषयी, काम चालू असतानाच, स्वतःला आणि समव्यवसायिकांना उद्देशून केलेल्या लेखनाला आपल्याकडे अद्याप नावही मिळालेले नाही. ग्रंथालयात ते कधी शिक्षणशास्त्राच्या कपाटात जाते, कधी वैद्यकाच्या, तर कधी 'अनुभवकथन' या सर्वसंग्राहक नोंदीखाली विसावते. प्रस्तुत लेखात त्याला 'व्यवसायचिंतन' म्हटले आहे. येथे व्यवसाय म्हणजे धंदा नव्हे. ज्या कामात कौशल्याबरोबर निर्णयाची जबाबदारीही येते असे कोणतेही काम. गेल्या पंचवीस वर्षांत ब्लॉग, म्हणजे अनुदिनी, आणि त्यामागून आलेली समाजमाध्यमे यांमुळे हे लेखन एकाएकी विपुल झाले. विपुलतेमुळे त्याचे गुणदोषही प्रथमच स्पष्ट दिसू लागले आहेत.

या लेखनामागील कल्पना जुनी आहे. जॉन ड्यूई यांनी १९१० साली 'हाऊ वुई थिंक' या ग्रंथात चिंतनाचा आरंभ गोंधळातून होतो, असे प्रतिपादन केले. १९८३ साली डोनाल्ड शॉन यांच्या 'द रिफ्लेक्टिव्ह प्रॅक्टिशनर' या ग्रंथाने त्या विचाराला व्यवसायाच्या क्षेत्रात आणले. कामाच्या ऐन मध्यावर माणूस जो विचार करतो तो आणि काम आटोपल्यावर मागे वळून करतो तो, असा भेद शॉन यांनी केला. आणि व्यावसायिकाचे ज्ञान म्हणजे तयार शास्त्राचे केवळ उपयोजन नव्हे, हे वास्तुकला, मानसोपचार, नगरनियोजन अशा क्षेत्रांतील उदाहरणांनी दाखवले. मात्र त्यांची उत्तम उदाहरणे समोरासमोरच्या संभाषणाची आहेत : आराखड्याच्या मेजाशी बसलेले गुरु-शिष्य, किंवा उपचारक आणि त्याचा मार्गदर्शक. तोच विचार कागदावर उतरतो आणि अपरिचितांपुढे जातो, तेव्हा त्याचे काय होते, हा प्रश्न लेखनप्रकाराचा आहे. म्हणून तो साहित्याच्या अभ्यासकाचाही आहे.

मराठीला हा प्रश्न अगदीच परका नाही. एकोणिसाव्या शतकातील 'शालापत्रक' हे शिक्षणखात्याचे मासिक कृष्णशास्त्री आणि पुढे विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनी चालवले, ही गोष्ट वाङ्मयेतिहासात 'निबंधमाले'ची पूर्वतयारी म्हणून सांगितली जाते. ते शिक्षकांचे पत्र होते हे मात्र सहसा विसरले जाते. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या समवेत काम केलेल्या ताराबाई मोडक यांची 'शिक्षणपत्रिका', कोसबाडच्या टेकडीवर आयुष्य वेचलेल्या अनुताई वाघ यांचे लेखन, आणि १९८५ साली कोल्हापुरात 'सृजन आनंद' ही शाळा सुरू करणाऱ्या लीलाताई पाटील यांची पुस्तके, ही या परंपरेची ठळक स्थळे होत. लीलाताई या ना. सी. फडके यांच्या कन्या. वडिलांच्या 'गुजगोष्टीं'वर आपण परीक्षेत प्रश्न विचारतो. मुलीने वर्गाविषयी लिहिले ते मात्र वाङ्मयाच्या अभ्यासक्रमात बसत नाही. हा आपल्या वर्गीकरणाचा एक नमुना आहे.

या परंपरेतील सर्वांत वाचनीय कृती बहुधा गिजुभाईंचे 'दिवास्वप्न' हे मूळ गुजराती पुस्तक ठरेल. लक्ष्मीराम नावाचा कल्पित शिक्षक चौथीच्या वर्गावर वर्षभर प्रयोग करतो, अशी ही कथा. तिच्यात विनोद आहे, अपयश आहे, वर्गातला गोंगाट आहे. तथापि लक्ष्मीरामचे पहिल्या दिवशीचे फजितीचे वर्णन वाचताना वाचकाला आतून ठाऊक असते की याची सरशी होणार आहे. कारण लेखकाला ते ठाऊक आहे. प्रयोग संपल्यावर, त्याचे फलित हाती आल्यावर ही कथा रचली गेली आहे. पुस्तक या माध्यमाचाच हा धर्म होय. पुस्तक पूर्ण होते तेव्हा शंका निवळलेली असते, आणि निवळलेल्या शंकेची आठवण ही शंकेहून वेगळी वस्तू असते.

अनुदिनीचे वेगळेपण नेमके येथे आहे. 'वेबलॉग' हा शब्द १९९७ साली वापरात आला, १९९९ मध्ये त्याचा 'ब्लॉग' असा संक्षेप झाला आणि त्याच वर्षी 'ब्लॉगर' ही सेवा सुरू होऊन, यंत्रविद्या न जाणणाऱ्यालाही असे लेखन प्रसिद्ध करणे शक्य झाले. तिची रचना साधी होती : प्रत्येक नोंदीवर तारीख, ताजी नोंद वर, जुन्या खाली, प्रत्येक नोंदीला स्वतःचा कायम पत्ता, आणि नोंदीखाली वाचकाच्या उत्तरासाठी जागा. या चार बाबी तांत्रिक वाटतात. पण त्यांचा गद्यावर होणारा परिणाम वाङ्मयीन आहे. लेखकाला शेवट ठाऊक नसतो. काल लिहिलेले आज चुकीचे ठरले तर तो नवी नोंद लिहितो, आणि जुनी तिच्या तारखेसह खाली तशीच राहते. वाचक उत्तर देतो तेही तारखेसह. विचार बदलला एवढेच येथे कळत नाही. तो केव्हा बदलला आणि कोणाच्या बोलण्याने बदलला हेही कळते. रोजनिशीत तारीख असते पण वाचक नसतो. नियतकालिकात वाचक असतो पण तो महिन्याने उत्तर देतो, तोवर लेखकाचा गोंधळ विझून गेलेला असतो.

याचे सर्वोत्तम उदाहरण गणितातून यावे, हे आश्चर्यकारक वाटेल. २७ जानेवारी २००९ रोजी केंब्रिजचे गणिती टिमथी गॉवर्स यांनी आपल्या अनुदिनीत एक प्रश्न मांडला : अनेकांनी मिळून, उघड्यावर, एक गणित सोडवता येईल काय? त्यांनी निवडलेले प्रमेय 'डेन्सिटी हेल्स-ज्यूएट' या नावाने ओळखले जाते. फुली-गोळ्याचा खेळ पाटीवर न मांडता अनेक मितींच्या घरांत मांडला, तर एकही सरळ ओळ पूर्ण होऊ न देता किती घरे भरता येतील, असा त्याचा सर्वसाधारण आशय. त्याची सिद्धता १९९१ साली फुर्स्टेनबर्ग आणि कॅट्झनेल्सन यांनी दिली होती. परंतु तिची साधने दूरच्या शाखेतील होती. गॉवर्स यांना सोपी, मूलभूत सिद्धता हवी होती. त्यांनी सहभागाचे नियमही घालून दिले. विचार अर्धवट असला, चुकीचा असला तरी चालेल. पण तो थोडक्यात मांडावा, आणि दूर जाऊन एकट्याने दीर्घकाळ काम करून मग तयार उत्तर घेऊन येऊ नये. गणिताच्या संस्कृतीत हा दुसरा नियम जवळजवळ धर्मबाह्य होय.

प्रारंभी काही तास कोणीच बोलले नाही. मग कॅनडातील एका प्राध्यापकाने सुचवले की प्रथम सोपे रूप हाताळावे. पाठोपाठ ॲरिझोनातील एका शाळेतील शिक्षकाने एक सूचना केली. त्यानंतर थोड्याच मिनिटांत टेरेन्स टाओ यांनी आपली टिपणी जोडली. शाळामास्तर आणि फील्ड्स पदकाचा मानकरी यांची वाक्ये एकाखाली एक, एकाच आकाराच्या अक्षरांत! ३७ दिवसांत २७ जणांनी सुमारे ८०० टिपणे लिहिली, आणि गॉवर्स यांनी प्रश्न बहुधा सुटल्याचे जाहीर केले. पुढे २०१२ साली ही सिद्धता 'ॲनल्स ऑफ मॅथेमॅटिक्स' या नियतकालिकात डी. एच. जे. पॉलिमॅथ या सामूहिक टोपणनावाने प्रसिद्ध झाली. आद्याक्षरे प्रमेयाचीच आहेत.

साहित्याच्या विद्यार्थ्याने या दोन संहिता शेजारी ठेवून पाहाव्यात. गणित न कळले तरी गद्य कळते. मुद्रित शोधनिबंध प्रमाणलेखनाच्या सर्व अटी पाळतो : व्याख्या, पूर्वप्रमेय, प्रमेय, सिद्धता. चाचपडण्याची एकही खूण त्यात उरत नाही. मूळ टिपणांत मात्र 'कदाचित', 'मला वाटते', 'हे चालेल असे दिसत नाही', 'वर म्हटलेले मागे घेतो' अशा अर्थाच्या वाक्प्रयोगांची रेलचेल आहे. संकोच दर्शवणारी ही सारी क्रियाविशेषणे शोधनिबंधात गळून पडली, आणि त्यांच्याबरोबर तो शोध कसा लागला ही हकिकतही गळाली. कवीच्या हस्तलिखितातील खाडाखोड आपण भिंगाखाली पाहतो. येथे तर खाडाखोड करणारे हात सत्तावीस आहेत आणि प्रत्येकाची वेळ मिनिटापर्यंत नोंदलेली आहे.

तरीही या उदाहरणाने हुरळून जाण्याचे कारण नाही. गॉवर्स यांना १९९८ साली आणि टाओ यांना २००६ साली फील्ड्स पदक मिळालेले होते. ज्याचे स्थान पक्के आहे त्याला जाहीरपणे चुकणे परवडते. ज्याची नेमणूक वर्षावर्षाने वाढवली जाते त्या तरुण व्याख्यात्याचे, अथवा अधिकाऱ्याच्या तपासणीची वाट पाहणाऱ्या शिक्षकाचे तसे नाही. उघड चिंतनाचा पुरस्कार करणाऱ्या बऱ्याच लेखनात हा भेद नजरेआड होतो, आणि मग 'शिक्षक लिहीत का नाहीत' असा भाबडा प्रश्न विचारला जातो.

वैद्यकात हा पेच अधिक तीव्र आहे. शस्त्रक्रियेतील गुंतागुंत आणि मृत्यू यांची चर्चा करणारी बंद दाराआडची सभा ही पाश्चात्त्य रुग्णालयांतील रूढ प्रथा. विदर्भात मूळ असलेल्या कुटुंबातील अमेरिकन शल्यविशारद अतुल गवांदे यांनी २००२ सालच्या 'कॉम्प्लिकेशन्स' या संग्रहात या दारामागचे जग, स्वतःच्या हातून घडलेल्या त्रुटींसह, सर्वसामान्य वाचकापुढे ठेवले. पुढे २०१२ साली डब्लिन येथील तातडीच्या वैद्यकाच्या आंतरराष्ट्रीय परिषदेच्या दिवसांत, खुल्या आणि विनामूल्य वैद्यकीय शिक्षणाच्या चळवळीला 'फोम' हे नाव मिळाले. अनुदिन्या, ध्वनिमुद्रणे आणि ट्विटरवरील चर्चा यांतून रात्रपाळीचा एकटा डॉक्टर दुसऱ्या खंडातील अनुभवी सहकाऱ्याशी जोडला गेला. पण वैद्याच्या चिंतनाचा विषय दुसऱ्याचे शरीर असते. नाव वगळले तरी गाव, वय आणि आजार एकत्र आले की रुग्ण ओळखू येतो. लहान गावात तर निश्चितच. भारतात राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२३ च्या ऑगस्टमध्ये प्रसिद्ध केलेल्या व्यवसायनियमांत समाजमाध्यमांवरील वर्तनाविषयी स्वतंत्र मार्गदर्शन होते. त्याच महिन्यात ते नियम स्थगित झाले. प्रश्न मात्र स्थगित झालेला नाही.

आता मराठीकडे. संगणकावरील मराठी बराच काळ टंकांच्या बेबनावात अडकली होती. एका टंकात लिहिलेले दुसऱ्याच्या यंत्रावर अगम्य चिन्हे होऊन उमटे. १९९१ च्या युनिकोड प्रमाणकात देवनागरीला स्थान होते, पण ते घरोघरच्या संगणकांवर पोचायला एक तप गेले. त्यानंतर मराठी अनुदिन्यांना बहर आला, आणि त्यांत जिल्हा परिषदांच्या प्राथमिक शिक्षकांचा वाटा लक्षणीय होता. हे लेखन सलग वाचले असता निराशा पदरी येते, हे स्पष्टच म्हटले पाहिजे. त्यातील मोठा भाग सूचनाफलकाचा आहे : शासननिर्णय, तक्ते, अर्जांचे नमुने, सरावपत्रिका. हे उपयुक्त आहे; ते चिंतन नव्हे. जेथे वर्गाचे वर्णन येते तेथेही 'विद्यार्थ्यांनी उपक्रमात आनंदाने सहभाग घेतला' अशा अहवाली कर्मणी-भावे वाक्यांचा पडदा मध्ये येतो. मुले असतात, मूल नसते.

याची कारणे शिक्षकांच्या प्रतिभेत शोधू नयेत. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम १९७९ पासून आहेत, आणि २०२५ साली राज्यशासनाने कर्मचाऱ्यांच्या समाजमाध्यमवापराविषयी स्वतंत्र सूचना काढून शासनाच्या धोरणांवरील प्रतिकूल टीकेला मनाई केली. 'ही पद्धत माझ्या वर्गात चालली नाही' हे वाक्य चिंतन केव्हा असते आणि धोरणावरील टीका केव्हा ठरते, ही सीमा कोण आखणार? शंका घेणारे वाक्य टाळून आनंदाचे वाक्य लिहिणे हा अशा परिस्थितीतील शहाणपणाचा मार्ग होय. शैलीमागे पुष्कळदा सेवानियम उभे असतात.

अशा लेखनाअभावी काय हरपते, याचा प्रत्यय २०१९ च्या जून महिन्यात आला. बालभारतीच्या इयत्ता दुसरीच्या नव्या गणिताच्या पुस्तकात 'सत्तावीस' या वाचनाबरोबर 'वीस सात' असे वाचनही देण्यात आले. मराठीत एकक आधी उच्चारला जातो आणि दशक नंतर; लिहिताना मात्र दशक आधी येतो. म्हणून 'पंचवीस' ऐकून मूल बावन्न लिहिते. 'एकोणतीस' ऐकताना कानी तीस पडते आणि हात तिनाकडे वळतो. हिंदी, गुजराती, बंगाली या भाषांतील मुलांपुढेही हीच अडचण आहे. कन्नड, तेलुगू, तमिळ मुलांपुढे ती नाही, कारण तेथे दशक आधी उच्चारतात. गणित विषय समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर (निधन २०२३) यांनी हा विचार संयमाने समजावून सांगितला. जोडाक्षरयुक्त संख्यानामांचा मुलांना पडणारा भार त्यांनी दाखवला आणि जुनी नावे रद्द केलेली नाहीत हेही सांगितले. समाजमाध्यमांवर मात्र आडनावांची आणि म्हणींची 'वीस सात' पद्धतीने केलेली मोडतोड काही दिवस फिरत राहिली. विनोद काही वाईट नव्हते. भाषेची समृद्धी नाहीशी होईल ही भीतीही अगदीच पोकळ नव्हती. संख्यानामे हा भाषेचा जुना ठेवा आहे, आणि शिकण्याची सोय हे ठेवा मोडण्याचे पुरेसे कारण आहे काय, यावर गंभीर वाद शक्य होता. परंतु त्या कोलाहलात जी साक्ष सर्वांत आवश्यक होती ती जवळजवळ ऐकूच आली नाही : दुसरीच्या वर्गावर प्रत्यक्ष शिकवणाऱ्यांची. कोणत्या मुलाने, कोणत्या महिन्यात, काय ऐकून काय लिहिले? 'तीनशे पाच' हे ३००५ असे लिहिणारी मुलगी पुढच्या आठवड्यात काय लिहीत होती? अशा तारीखवार नोंदी जर शेकडो वर्गांतून आधीच सार्वजनिक असत्या, तर वादाला जमीन मिळाली असती. त्या असतीलही, वह्यांत. पण वही वादात उतरत नाही.

येथे अनुदिनी आणि तिच्यानंतरची समाजमाध्यमे यांत भेद करणे भाग आहे. बोलताना आपण दोहोंना एकच समजतो. अनुदिनीत क्रम तारखेचा असतो. फेसबुकसारख्या माध्यमात वाचकापुढे येणारा क्रम यंत्र ठरवते आणि इतरांची प्रतिक्रिया हा त्याचा एक मुख्य आधार असतो. विविध अनुदिन्यांच्या ताज्या नोंदी एकत्र वाचण्याची सोय देणारी 'गूगल रीडर' ही सेवा २०१३ साली बंद झाली, तेव्हा वाचक या दुसऱ्या क्रमाकडे अधिकच वळला. शंकेला प्रतिसाद कमी, यशोगाथेला अधिक, हे लिहिणाऱ्याला लवकरच उमगते आणि त्याचे गद्य बदलते. प्रथमपुरुषी एकवचन फुगते. चिंतनाची जागा चिंतनशील दिसण्याची कला घेते.

व्हॉट्सॲपच्या समूहांतून आणखी एक गोष्ट घडते : मजकूर पुढे जाता जाता लेखकाचे नाव आणि तारीख गळून पडतात. लोकसाहित्यात कर्त्याचे नाव लोपणे ही समृद्धीची खूण मानली जाते, कारण ओवी ज्या ओठी येते त्याची होते. 'अपस्माराच्या रुग्णाला मी अमुक औषध दिले आणि गुण आला' हे वाक्य असे अनाथ होऊन फिरू लागले तर ते घातक ठरते. कोणी, केव्हा, कोणत्या रुग्णाला, या तीन प्रश्नांशिवाय त्याला अर्थच नाही.

या लेखनाचे मूल्यमापन करावयाचे तर निकष कोठून आणावयाचे? मर्ढेकरांनी 'वाङ्मयीन महात्मता' या पुस्तकात आत्मनिष्ठेचा विचार मांडला. लेखकाची स्वानुभवाशी असलेली इमानदारी हा निकष येथेही लागू पडतो. अहवाली गद्य त्यावर तत्काळ नापास होते आणि आत्मगौरवाचे गद्य जरा उशिराने. परंतु तेवढा पुरत नाही. व्यवसायचिंतनात लेखकासमोर दुसरे कोणीतरी असते, विद्यार्थी अथवा रुग्ण, आणि त्याच्या वस्तुस्थितीशीही इमान राखावे लागते. लेखकाला काय वाटले हे उत्कटपणे सांगणाऱ्या, पण ३००५ लिहिणाऱ्या मुलीला अंधारात ठेवणाऱ्या नोंदी ललित म्हणून चांगल्या असू शकतात, व्यवसायचिंतन म्हणून दुबळ्या. इटलीतील बार्बियाना येथील मुलांनी १९६७ साली लिहिलेले आणि मराठीत 'प्रिय बाई' या नावाने आलेले पुस्तक या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगे आहे. तेथे ज्यांच्याविषयी शिक्षक लिहितात तेच उलट बोलतात. तशी सोय अनुदिनीत तत्त्वतः आहे. प्रत्यक्षात चौथीतले मूल गुरुजींच्या नोंदीखाली उत्तर लिहीत नाही.

राहता राहिला प्रश्न जतनाचा, आणि तो ग्रंथालयांचा आहे. ग्रंथ व वृत्तपत्रे सार्वजनिक ग्रंथालयांस देण्याविषयीचा आपला कायदा १९५४ चा. १९५६ साली त्यात वृत्तपत्रे आली. संगणकीय प्रकाशन त्याच्या कक्षेत येत नाही. ब्रिटनमध्ये २०१३ पासून संकेतस्थळांचे जतन कायद्यानुसार होते. दरम्यान 'जिओसिटीज' २००९ साली, 'ऑर्कुट' २०१४ साली आणि 'गूगल प्लस' २०१९ साली बंद झाले, आणि त्यांवरील मजकुराचा जो भाग कोणी उतरवून घेतला तेवढाच उरला. मराठी अनुदिन्या बहुतांशी विनामूल्य परकीय सेवांवर आहेत. काही ग्रंथरूपात आल्या आहेत ही समाधानाची बाब. पण पुस्तक करताना प्रथम वगळले जातात ते वाचकांचे प्रतिसाद, आणि त्यानंतर तारखा. टेरेन्स टाओ यांच्या अनुदिनीचे खंड २००८ पासून निघू लागले. त्यांत वाचकांनी सुचवलेल्या दुरुस्त्या मूळ मजकुरात मुरवून घेतल्या आहेत. गणिताच्या विद्यार्थ्याला तेच सोयीचे. मराठी विभागातील एखाद्या विद्यार्थ्याने आपल्या जिल्ह्यातील शिक्षकांच्या अनुदिन्या प्रबंधासाठी उतरवून घ्यावयाचे ठरवले, तर त्याने त्या प्रतिसादांसह, तारखांसह आणि चुकांसह उतरवून घ्याव्यात, आणि छापण्यापूर्वी त्यांतील मुलांची नावे बदलावीत.